अडीचशे ग्रॅम

पन्नास हजार लिटरची टाकी,
टीसीएल अडीचशे ग्रॅम.
बादलीत कालवायचं, तासभर बसू द्यायचं,
चुना तळाला गेला की
वरची निवळी घेऊन शिडी चढायची.
बेचाळीस पायऱ्या. एकोणिसावी गंजून गेलीय,
तिच्यावरून पाय आपोआप पुढं पडतो.

वरून पंचगंगा दिसते,
वळणावर थांबल्यासारखी.
जॅकवेलपाशी जलपर्णी दाटलेली.
उन्हाळ्यात एखाद्या पहाटे मळीचा वास येतो,
मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात.
त्या दिवशी मी पंप बंद ठेवतो
आणि अख्खं गाव मला शिव्या घालतं.

आई नळालाही फडकं बांधते.
दुहेरी, जाड, रोज धुऊन वाळवलेलं.
पूर्वी फडक्यावर जे उरायचं
ते ती आडात परत सोडून यायची,
ज्या पाण्याचा जीव, त्या पाण्याला.
आता आड बुजवलाय.
नळाला परत कसं द्यायचं, विचारते.

एकदा वाढता वाढता म्हणाली,
"जिनगोंडा, तुझ्या त्या पावडरीनं
किती जीव जात असतील रे?"
"मोजले नाहीत," म्हटलं.
दिवस मावळायला आला होता.
दोघंही भराभर जेवलो.

मग तक्रार आली, चहाला वास येतोय.
डेअरीच्या कट्ट्यावर, गिरणीत, सलूनमध्ये,
"मर्दा, पाणी पाजतोयस का औषध?"
मी हात आखडला.
दीडशे टाकले. मग शंभर.
एक आठवडा टाकलेच नाहीत.
पोतं संपलं होतं, हे खरं,
पण सगळं खरं तेवढंच नव्हतं.
चहा झकास लागायला लागला.
तीन घरांनी मला हाक मारून पाजला.

मुजावरांची नसीमा
पाढे म्हणता म्हणता बाकावर आडवी झाली.
चौगुल्यांच्या धाकट्यानं भाकरीचं ताट सारलं.
मग तेरा घरं. मग बावीस.
कुणाच्या गळ्यात मुळ्यांची माळ,
कुणी जयसिंगपूरला सलाईनवर.

नळीत पाणी घ्यायचं,
तपासणीच्या बाटलीतले पाच थेंब सोडायचे.
पिवळं झालं तर पाणी पिण्याजोगं.
एवढंच मला शिकवलं होतं, दोन दिवस,
जेवणासकट.
नळीतलं पिवळं मी घालवलं,
ते पोरीच्या डोळ्यांत उतरलं.

तालुक्याची माणसं आली.
शाळेच्या कपाटात ठेवलेली त्यांची बाटली
सकाळी शाईसारखी काळी.
खणता खणता मुजावर गल्लीत
गटारातून गेलेली पाइप फुटलेली सापडली,
आणि सगळा दोष पाइपला गेला.
पाइप काही बोलली नाही.
मीही.
रजिस्टरात त्या आठवड्याचे आकडे
सुबक आहेत. अक्षर माझंच.

फक्त आईला सांगितलं.
ती फडकं पिळत होती, पिळतच राहिली,
पाणी संपलं तरी.
"नसीमा जेवती का आता?"
"खिमट खाती."
"किती घालायचं असतंय?"
"अडीचशे."
"मोजून घाल," म्हणाली, आणि आत गेली.

आता चहाला वास येतो.
कट्ट्यावर तेच बोलणं, मी हसतो,
बशीत ओतून शेवटच्या घोटापर्यंत पितो.
मुजावरांच्या दारावरून जाताना
सायकलवरून उतरावं लागतं मला,
का ते कुणी विचारलेलं नाही.

आणि पहाटे नळ आला की
आई फडकं बांधायच्या आधी
ओंजळ भरून नाकाशी नेते.
डोळे मिटून थांबते.
वास आला तर गाळायला घेते,
नाही आला
तर मला उठवते.